घरबांधणीत स्वतंत्र विद्युत अभियंत्याला काम कुठे?

घर बांधताना वास्तुविशारद आणि संरचना अभियंता यांचा सल्ला आता सर्रास घेतला जातो. विजेची आखणी मात्र, विशेषतः स्वतंत्र घरांत, बहुधा वायरमनच्या अनुभवावर सोडली जाते. स्वतंत्र व्यवसाय करू पाहणाऱ्या विद्युत अभियंत्यापुढील मुख्य अडचण हीच आहे. त्याच्या सेवेची गरज ग्राहकाला अनेकदा भिंतींना गिलावा झाल्यावर कळते.

ही गरज वाढण्याचे कारण घरातील बदलता वीजभार. दीड किलोवॉटचे दोन वातानुकूलक, दोन किलोवॉटचा गिझर, तेवढ्याच क्षमतेची इंडक्शन शेगडी आणि विद्युत वाहनाचा ३.३ किलोवॉटचा चार्जर यांचीच बेरीज १०.३ किलोवॉट होते. सर्व उपकरणे एकाच वेळी चालत नाहीत. त्यामुळे प्रत्यक्ष किती भार एकत्र येईल याचा अंदाज बांधून तारांची जाडी, मंजूर भार, आर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर गळतीवर पुरवठा तोडणारे आरसीसीबी ठरवावे लागते. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६, तसेच आयएस ७३२ आणि आयएस ३०४३ ही मानके त्यासाठी आधारभूत आहेत.

मात्र पदवी म्हणजे परवाना नव्हे. आरेखन व सल्ला देणे वेगळे आणि प्रत्यक्ष वायरिंगचे कंत्राट घेणे वेगळे. कंत्राटासाठी संबंधित राज्याचा विद्युत ठेकेदार परवाना लागतो. कोणती सेवा द्यायची, हे अभियंत्याने आधीच निश्चित करणे हिताचे ठरते.

थेट घरमालकापर्यंत पोहोचण्यापेक्षा वास्तुविशारदांमार्फत काम मिळण्याची शक्यता अधिक असते. कारण नकाशा आखला जात असतानाच ते ग्राहकासोबत असतात. दुसरा ग्राहक म्हणजे छोटे विकासक. रेरा कायदा, २०१६ च्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील, कारागिरीतील किंवा सेवांतील दोष निदर्शनास आणल्यास तो विकासकाने विनामूल्य दूर करायचा असतो. सदोष वायरिंगचा भुर्दंड टाळण्यासाठी आरेखनाचे शुल्क देणे त्याला परवडते.

तिसरे क्षेत्र जुन्या गृहनिर्माण संस्थांचे आहे. वाहन चार्जिंग किंवा छतावरील सौरसंच बसवण्यापूर्वी त्यांना वीजभाराची तपासणी हवी असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला तीन किलोवॉट व त्याहून मोठ्या संचासाठी ७८ हजार रुपयांपर्यंत केंद्रीय अनुदान मिळते. संच पुरवठादारच बसवतो; पण छतावरील सावली, केबल व आर्थिंग यांची त्रयस्थ तपासणी अभियंता करू शकतो.

शुल्क क्षेत्रफळानुसार घ्यावे की ठोक, हे कामावर ठरते. तारा वा स्विच विक्रेत्याकडून दलाली घेतल्यास मात्र सल्ल्याची निःपक्षता संपते. ठेकेदाराच्या देयकातील प्रत्येक बाब आरेखनाशी ताडून पाहणारा त्रयस्थ म्हणूनच ग्राहक या अभियंत्याला पैसे देतो.