तिऱ्हाइताचे छायाचित्र : दैनंदिन प्रवास, महानगर आणि हिंगोली जिल्हा

छायाचित्रकाराच्या दुकानात जाऊन काढवून घेतलेल्या चित्रात मनुष्य सावरून बसलेला असतो. केस नीट केलेले, खांदे ताठ, दृष्टी भिंगाकडे लागलेली. आपण जगाला कसे दिसावे याविषयीची त्याची इच्छाच त्या चित्रात उमटते. याउलट आगगाडीत अथवा एस. टी. च्या बसमध्ये खिडकीला डोके टेकून बसलेल्या मनुष्याचे, त्याला न सांगता घेतलेले छायाचित्र त्याच्या इच्छेला विचारीत नाही. या दुसऱ्या प्रकारच्या चित्रणाला गेल्या शतकात कलेच्या इतिहासात मानाचे स्थान मिळाले आणि समाजशास्त्रानेही त्याची साधन म्हणून दखल घेतली. प्रस्तुत लेखात या चित्रणाचे स्वरूप, त्याचा महानगराशी असलेला संबंध, आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यात त्याचा अवलंब करताना उपस्थित होणारा प्रश्न यांचा विचार केला आहे.

१. स्वरूप व पूर्वेतिहास

या चित्रणाची सामान्यतः तीन लक्षणे सांगता येतील. स्थळ सर्वांना मोकळे असावे. चित्रकाराने दृश्यात काहीही मांडामांड केलेली नसावी. आणि चित्रविषय झालेली व्यक्ती चित्रकाराला अपरिचित असावी. पहिल्या दोन लक्षणांची चर्चा पुष्कळ झाली आहे. तिसरे मात्र बहुधा गृहीत धरले जाते, आणि विचाराची खरी जागा तेथेच आहे.

प्रारंभीच्या छायाचित्रणात काच पुष्कळ वेळ उघडी ठेवावी लागे. त्यामुळे हलता मनुष्य टिपणे अशक्यप्राय होते. पुढे द्रावणांची संवेदनक्षमता वाढली, आणि १८९० नंतरच्या दशकात लंडनमध्ये पॉल मार्टिन याने पार्सलासारख्या दिसणाऱ्या कॅमेऱ्याने रस्त्यावरील लोक टिपले. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लायका हा लहान कॅमेरा विक्रीस आला. चित्रपटासाठी वापरली जाणारी ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म त्यात चाले आणि तो कोटाच्या खिशात मावे. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच चित्रकाराची सर्व पद्धती या लहान यंत्रावर उभी आहे. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाने क्षण पकडण्याच्या या कलेला तात्त्विक बैठक दिली.

दैनंदिन प्रवासापुरते पाहावयाचे तर वॉकर इव्हान्स याचे उदाहरण सर्वांत बोधप्रद ठरते. १९३८ ते १९४१ या काळात त्याने न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतील उतारूंची चित्रे घेतली. कॉन्टॅक्स कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळे रंगवून तो त्याने कोटाखाली छातीवर बांधला होता. भिंग गुंड्यांच्या फटीतून डोकावे, आणि कळ दाबण्याची तार बाहीतून हाताशी आलेली असे. दृश्य चौकटीत कसे बसते हे त्याला पाहता येत नसे. समोरच्या बाकावर जो येईल तो चित्रविषय, एवढाच नियम. या चित्रांपैकी ८९ चित्रांचे पुस्तक निघाले ते १९६६ साली, म्हणजे पाव शतकानंतर. उतारूंच्या खाजगीपणावर आपण अतिक्रमण केले आहे याची जाणीव इव्हान्सला होती. मधला काळ त्या अतिक्रमणाची धार बोथट करील, असा त्याचा हिशेब होता. हा हिशेब पुढील विवेचनात पुन्हा उपयोगी पडणार आहे.

२. वाहनातील दृष्टी

ही कला भुयारी रेल्वेत किंवा लोकल गाडीत का बहरली, याचे उत्तर गेऑर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने कॅमेऱ्याचा उल्लेखही न करता दिले आहे. एकोणिसाव्या शतकात बस, रेल्वे व ट्राम आल्या, त्यापूर्वी माणसांना परस्परांशी एक शब्दही न बोलता मिनिटेच्या मिनिटे, तासचे तास एकमेकांसमोर बसण्याचा प्रसंगच येत नसे, असे निरीक्षण त्याने १९०८ च्या ग्रंथात नोंदविले. बोलणे वगळून केवळ पाहणे, हा संबंध वाहनाने निर्माण केला. १९६३ साली अर्व्हिंग गॉफमन याने त्यापुढचे पाऊल टाकले. महानगरातील मनुष्य शेजाऱ्याकडे क्षणभर पाहतो, त्याच्या अस्तित्वाची दखल घेतो आणि लगेच दृष्टी काढून घेतो. हे दुर्लक्ष उद्धटपणाचे नसून शिष्टाचाराचे आहे. 'मी तुला पाहिले, पण तुझ्यात शिरत नाही,' असा त्याचा अर्थ.

तिऱ्हाइताचे छायाचित्र या शिष्टाचारावर जगते आणि त्याचाच भंगही करते. सर्वांनी दृष्टी काढून घेतलेली असते म्हणून उतारू निःशंक बसलेला असतो. तो निःशंक असतो म्हणून चित्र साधते. परंतु चित्रकाराने मात्र दृष्टी काढून घेतलेली नसते.

३. मुंबईचे उदाहरण

महाराष्ट्रात या प्रकाराचे स्वाभाविक क्षेत्र म्हणजे मुंबईची लोकल. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. अशा नगरात डब्यातील समोरचा मनुष्य पुन्हा भेटेलच असे नाही, आणि भेटला तरी त्याचे नाव कळण्याचे कारण नाही. रघू राय यांनी १९९५ साली चर्चगेट स्थानकात घेतलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. कॅमेऱ्याचा पडदा बराच वेळ उघडा ठेवल्यामुळे धावता जनसमूह त्यात धुरासारखा पसरला आहे, आणि वर्तमानपत्र वाचत थांबलेली व्यक्ती तेवढी स्पष्ट राहिली आहे. येथे तंत्र आणि अर्थ एकच होतात: गर्दीला चेहरा नाही, आणि म्हणून कोणाचा चेहरा चोरलाही गेलेला नाही.

अनुश्री फडणवीस यांची 'ट्रेन डायरीज' ही मालिका निराळ्या मार्गाने जाते. मुंबईच्या लोकलमधील महिलांच्या डब्यात घेतलेली ही चित्रे २०१० नंतरच्या दशकात इन्स्टाग्रामवरून लोकांसमोर आली. येथे चेहरे स्पष्ट आहेत. परंतु चित्रकर्ती स्वतः त्याच डब्यातील उतारू आहे. चर्चगेट ते बोरिवली अशी महिलांसाठीची खास गाडी १९९२ साली सुरू झाली, तेव्हापासून या डब्यांतील सहवासाला एक वेगळे वळण मिळाले आहे. तेथील चित्रकर्तीची दृष्टी बाहेरच्याची नसते. तात्पर्य, महानगरातही दोन उपाय दिसतात: एक चेहरा विरघळवून टाकण्याचा, दुसरा दृष्टीच्या मालकाने आतला होण्याचा.

४. हिंगोली जिल्हा

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके. २०११ साली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे पावणेबारा लाख आणि हिंगोली शहराची सुमारे ८५ हजार होती. येथेही दैनंदिन प्रवास आहे, आणि त्याला 'अप-डाउन' हे रेल्वेच्या भाषेतून आलेले नाव लोकांनी दिले आहे. शिक्षक, कारकून, महाविद्यालयीन विद्यार्थी, दवाखान्यात निघालेला रोगी, हळदीचा भाव काढण्यास बाजार समितीकडे निघालेला शेतकरी, हे सर्व एस. टी. ने, काळीपिवळी जीपने अथवा पूर्णा-अकोला मार्गावरील गाडीने ये-जा करतात.

तथापि या प्रवासात झिमेलने वर्णिलेली निःशब्दता फारशी टिकत नाही. शेजारी बसलेला मनुष्य थोड्याच वेळात 'पाव्हणं, गाव कोणतं?' असे विचारतो. गावाच्या नावामागून आडनाव येते, आडनावामागून सोयरीक, आणि दोन थांबे जाण्यापूर्वी उभयतांना ओळखणारा तिसरा मनुष्य निघतो. मुंबईत तिऱ्हाईतपण ही प्रवासाची प्रारंभीचीही अवस्था असते आणि अखेरचीही. हिंगोलीत ती केवळ प्रारंभीची असते. किंबहुना येथील उतारू चित्रकाराला अपरिचित असला तरी चित्र पाहणाऱ्याला परिचित असण्याचा संभव मोठा आहे. वर सांगितलेले तिसरे लक्षण येथे कोलमडते ते या कारणाने.

याचा परिणाम कोणावर होतो हे उदाहरणाने स्पष्ट होईल. राज्यात अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण भागातील शाळकरी मुलींना एस. टी. चा मोफत पास मिळतो, आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्मे भाडे लागते. बसमध्ये पूर्वीपेक्षा अधिक स्त्रिया व मुली दिसाव्यात हाच या सवलतींचा हेतू. समजा, शेवटच्या बाकावर मैत्रिणींसह खळखळून हसणाऱ्या मुलीचे सुंदर चित्र कोणी टिपले आणि ते प्रसिद्ध केले. मुंबईच्या प्रेक्षकाला त्यात तारुण्याचा आनंद दिसेल. परंतु तेच चित्र सायंकाळपर्यंत मोबाइलवरून तिच्या गावी पोचले, आणि पलीकडच्या बाकावर कोण बसले होते याची चर्चा पारावर सुरू झाली, तर तिचा पास चालू राहून शिक्षण बंद पडू शकते. इव्हान्सला मिळालेली पंचवीस वर्षांची मुदत येथे पंचवीस मिनिटांचीही नसते.

म्हणून हे चित्रण येथे करूच नये, असा मात्र निष्कर्ष निघत नाही. पूर्णा-अकोला मार्ग पूर्वी मीटरगेज होता. २००८ साली तो ब्रॉडगेज झाला आणि जुने डबे गेले. त्या डब्यांत कोण कोणासमोर बसे, दूध व भाजीची टोपली कोठे ठेवली जाई, स्त्रिया कोणत्या कोपऱ्यात एकत्र येत, या गोष्टी वेळापत्रकात अथवा तिकीटविक्रीच्या आकड्यांत सापडत नाहीत. त्या उतारूंच्या आठवणीत किंवा छायाचित्रातच असू शकतात. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाला अशा चित्रांची गरज आहे, आणि लोक भिंगासमोर सावरून बसले की ती माहिती नाहीशी होते. पेच खरा आहे तो यामुळेच.

५. कायद्याची मर्यादा

या पेचाचे उत्तर कायद्याकडे पूर्णपणे सोपविता येत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई ही अनुक्रमे स्त्रीच्या खाजगी कृतीचे व कोणाही व्यक्तीच्या शरीराच्या खाजगी भागाचे चित्रण दंडनीय ठरवितात. बसमध्ये नुसत्या बसलेल्या उतारूचे चित्र त्यांत येत नाही. न्यूयॉर्कमध्ये फिलिप-लोर्का डिकॉर्शिया याने १९९९ ते २००१ या काळात टाइम्स स्क्वेअर येथे दूरच्या भिंगाने व लपविलेल्या प्रकाशझोताने पादचाऱ्यांचे चेहरे टिपले. त्यांपैकी एका धर्मनिष्ठ ज्यू गृहस्थाने आपल्या श्रद्धेस बाध येतो म्हणून दावा लावला. २००६ साली न्यायालयाने ती चित्रे कलाकृती मानून दावा फेटाळला. चित्रकार जिंकला, तरी महानगरातील तिऱ्हाईतही कायमचा तिऱ्हाईत राहत नाही, हे या प्रकरणाने दाखविले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी प्रकरणातील निर्णयात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. मनुष्य सार्वजनिक जागी आला एवढ्याने त्याचे खाजगीपण संपत नाही, ते स्थळाला नव्हे तर व्यक्तीला चिकटलेले असते, असा विचार त्या निर्णयात मांडला आहे. हिंगोलीच्या बसस्थानकालाही तो तितकाच लागू पडतो.

६. पद्धतीविषयी काही सूचना

तंत्राचा एक तपशील येथे नीतीचाही तपशील ठरतो. ३५ मिलिमीटरचे भिंग फ/८ या छिद्रावर अडीच मीटर अंतरासाठी लावले, तर सुमारे १.७ ते ४.९ मीटरपर्यंतचे दृश्य स्पष्ट येते. बसच्या आत प्रकाश कमी असतो. तेथे छिद्र फ/२.८ इतके मोठे करून दोन मीटरवर रोख धरला, तर स्पष्टतेची खोली जेमतेम अर्ध्या मीटरवर येते. अर्थात अशा भिंगाने काम करणारा चित्रकार चित्रविषयापासून बोलण्याच्या अंतरावरच असतो. दूरच्या भिंगाने लपून टिपणाऱ्यास जी सबब सांगता येते, ती त्याला सांगता येत नाही. मोबाइलने हे अंतर राखले, परंतु कळ दाबल्याचा आवाज बंद करण्याची सोय करून चित्रकाराला पुन्हा अदृश्य केले.

यास्तव हिंगोलीसारख्या क्षेत्रात काम करणाऱ्या अभ्यासकाने पुढील क्रम पाळणे उचित होय. चित्र न सांगता घेतले तरी ते घेतल्यावर लगेच दाखवावे आणि ठेवण्याविषयी विचारावे; नकार मिळाल्यास तेथेच पुसून टाकावे. अल्पवयीन मुलामुलींचे ओळखू येईल असे चित्र पालकांच्या संमतीवाचून ठेवू नये. हात, पाठ, पिशव्या, पास दाखविण्याची लकब, खिडकीच्या काचेतील प्रतिबिंब यांतूनही प्रवासाचे समाजशास्त्र वाचता येते. चेहरा प्रत्येक वेळी आवश्यक नसतो. चित्रासोबत दिनांक, मार्ग व गाडी यांची नोंद असावी, नाव नसावे. संमतीने घेतलेल्या चित्राची कागदावरील प्रत उतारूस द्यावी. अप-डाउन करणारा मनुष्य उद्या त्याच वेळी त्याच थांब्यावर भेटणार असतो, म्हणून हे येथे मुंबईपेक्षा सोपे आहे. आणि ज्या चित्रांविषयी शंका राहील ती विभागाच्या संग्रहात बंद ठेवून पुढील पिढीसाठी राखावीत. इव्हान्सने साधलेला कालावधी अभ्यासकाने स्वतः निर्माण करावा.

सारांश, तिऱ्हाइताच्या छायाचित्राचे जे नियम ग्रंथांतून शिकविले जातात ते महानगराच्या अनुभवातून सिद्ध झाले आहेत, आणि पाहणारा व पाहिला जाणारा पुन्हा भेटणार नाहीत हे त्यांच्या मुळाशी आहे. जेथे ते दोघे उद्या सकाळी पुन्हा एकाच बसमध्ये चढणार आहेत, तेथे चित्र हा एका क्षणाचा व्यवहार राहत नाही. हिंगोलीतील अभ्यासकाला चांगले चित्र घेता आले पाहिजे हे खरेच. परंतु ते घेतल्यानंतर त्याच उतारूच्या शेजारी बसून 'गाव कोणतं?' या प्रश्नाला उत्तरही देता आले पाहिजे.