पडणारा खोका आणि सहा चौकटी

चित्रपट पाहताना दर सेकंदाला २४ चित्रे पडद्यावरून सरकतात, हे तुम्ही वाचले असेल. पण कॅमेरा सुरू होण्यापूर्वीच पुष्कळदा ती सारी गोष्ट कागदावर चौकटी-चौकटींनी काढून झालेली असते. पात्र कोठे उभे आहे, कॅमेरा किती उंचीवर आहे, पुढच्या क्षणी काय दिसायला हवे, हे त्या चौकटी सांगतात. या चित्रमालिकेला स्टोरीबोर्ड म्हणतात. चित्रपट, जाहिरातपट, कार्टूनपट अशा सर्व ठिकाणी त्याचा उपयोग होतो आणि मुंबईत या कामावर पोट भरणारे चित्रकार आहेत. ज्यांची चित्रकला चांगली आहे, त्यांच्या मनात 'मला हे जमेल काय?' असा प्रश्न येणे साहजिक आहे.

आपल्याकडचे या रीतीचे थोर उदाहरण कोल्हापूरचे. १८९० साली जन्मलेले बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवीत, म्हणून लोक त्यांना बाबूराव पेंटर म्हणू लागले. पुढे ते चित्रपटांकडे वळले, चित्रीकरणाचा कॅमेराही त्यांनी कोल्हापुरातच तयार केला आणि १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. (चित्रकाराने कॅमेरा बनवावा, याचा आम्हा पदार्थविज्ञानवाल्यांना जरा जास्तच अभिमान वाटतो!) पात्रांचे पोशाख, त्यांच्या हालचाली हे सारे ते आधी रेखाटून घेत. बंगालमध्ये सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली'साठी असेच केले. हा चित्रपट १९५५ साली आला. राय मुळात जाहिरात कंपनीतले चित्रकार होते.

आता प्रयोगाकडे वळू. भिवंडीजवळच्या आमच्या पूर्णा गावात गोडाऊनांच्या रांगाच रांगा आहेत. दिवसभर ट्रक येतात आणि हमाल माल उतरवतात. समजा, एक ट्रक उभा आहे, दोरी सैल होते, खोका खाली पडतो आणि खाली उभा असलेला हमाल थोडक्यात वाचतो. ही गोष्ट सहा चौकटींत काढा. शब्द लिहायचे नाहीत.

बहुतेक मुले पहिल्या झटक्यात खोका पडतानाचीच तीन-चार चित्रे काढतात. जरा गणित करू. ट्रकचा फळा जमिनीपासून सव्वा मीटर उंच धरा. गुरुत्व त्वरण १० घेतले, तर तेथून सुटलेला खोका अर्ध्या सेकंदात जमिनीवर येतो, म्हणजे चित्रपटाच्या अवघ्या १२ चित्रांत. त्यांचे चार-चारचे तीन भाग केले, तर खोका पहिल्या भागात सुमारे १४ सेंटिमीटर पडतो, दुसऱ्यात ४२ आणि तिसऱ्यात ६९. हे प्रमाण १:३:५ असे आहे. कार्टूनपटात पडणारी वस्तू काढणाऱ्याला हे प्रमाण पाळावे लागते, नाहीतर खोका कापसाचा वाटतो. पण स्टोरीबोर्ड काढणाऱ्याने यातून वेगळाच धडा घ्यायचा. जी घटना अर्ध्या सेकंदात आटोपते, तिच्यात प्रेक्षकाला भीती वाटायला वेळच मिळत नाही. भीती वाटते ती आधी, सैल होणारी दोरी आपल्याला दिसते आणि हमालाला दिसत नाही तेव्हा. म्हणून पडण्याला फार तर एक चौकट द्यावी. बाकीच्या पाच कशाला द्यायच्या, हे ठरवण्यातच या कामाची खरी गंमत आहे.

दुसरी मेख कॅमेऱ्याच्या जागेची. रस्त्याच्या एका बाजूने पाहिले, तर ठाण्याकडे निघालेला ट्रक डावीकडून उजवीकडे जातो. पलीकडच्या बाजूने पाहिले, तर तोच ट्रक उजवीकडून डावीकडे जाताना दिसेल. दोन चौकटींमध्ये तुम्ही नकळत रस्ता ओलांडलात, तर ट्रक परत फिरला असे प्रेक्षक समजेल. सापेक्ष गतीच्या धड्यात निरीक्षक कोठे उभा आहे, हे आधी विचारतात. येथेही तेच विचारायचे.

सहाही चौकटी झाल्या की त्या एखाद्या मित्राला दाखवा आणि गोष्ट त्यालाच सांगू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका. तो अडखळला, तर ती चौकट फाडून पुन्हा काढा. हे तीन-चार वेळा करताना तुमचे मन कसे होते, तिकडे लक्ष ठेवा. कारण व्यवसायातही असेच चालते. दिग्दर्शक दहा चित्रे पाहतो, सात बाजूला काढतो आणि 'उद्या सकाळी नवी आणा' म्हणतो. शेवटी जी टिकतात, तीही प्रेक्षकाला कधीच दिसत नाहीत. एकच चित्र आठवडाभर रंगवण्यात ज्याचे मन रमते, त्याला हे काम जाच वाटेल. त्याने चित्रकलेच्या दुसऱ्या शाखेत जावे, त्यात काही कमीपणा नाही. उलट ज्याची रेषा साधी आहे, पण फाडलेल्या चौकटीच्या जागी दुसरी युक्ती सुचली की जो खुलतो, त्याने जरूर पुढे जावे.

एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांना बसणारे विद्यार्थी वस्तुचित्राची तयारी मनापासून करतात आणि स्मरणचित्र उरकून टाकतात. येथे मात्र स्मरणचित्र जास्त उपयोगी पडते, कारण हमाल काही तुमच्यासाठी खोका डोक्यावर धरून थांबणार नाही. हल्ली संगणक क्षणात गुळगुळीत चित्र काढून देतो. तेव्हा नुसत्या सफाईवर विसंबून राहाल, तर या धंद्यात टिकणे अवघड आहे. कोणती चौकट हवी, हे सांगता आले पाहिजे.

घरी विचारतील, 'पगार किती?' प्रश्न रास्त आहे. हे काम बहुधा कामागणिक मिळते, महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरलेली रक्कम हाती येईलच असे नाही. म्हणून उपयोजित कलेचे रीतसर शिक्षण घेतलेले बरे, म्हणजे जाहिरात, पुस्तके, मांडणी अशी इतर कामेही करता येतात. मुंबईचे जे. जे. आपल्याला जवळचे आहे. ठाण्याहून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरले की तेथून पायी जाता येते. पवईच्या आय.आय.टी.मध्ये आय.डी.सी. आहे, तेथे अ‍ॅनिमेशनचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. प्रवेशाच्या वेळी तुमची कामे पाहायला मागितली, तर सुंदर निसर्गचित्रांच्या जोडीला खोक्याच्या सहा चौकटीही ठेवा, आणि फाडलेल्यांपैकी दोन-तीन चिकटवून त्याही ठेवा.