इलेक्ट्रॉनांना वळण लावणारे चुंबक

आमचा गोविंदपुरा म्हणजे विजेच्या यंत्रांचे गाव. 1956 साली स्थापन झालेल्या 'हेवी इलेक्ट्रिकल्स'चा, म्हणजेच आजच्या 'भेल'चा, कारखाना येथे उभा राहिला आणि रोहित्र, जनित्र, मोटर हे शब्द येथील घराघरांत परिचयाचे झाले. लोखंडाच्या गाभ्याभोवती तारेचे वेटोळे घालून त्यातून वीजप्रवाह सोडला की त्या लोखंडाचा चुंबक बनतो, हे आपण शाळेत शिकतोच. ह्याच साध्या तत्त्वाच्या बळावर, येथून दोनशे किलोमीटरांच्या आत असलेल्या इंदूर नगरीत, डोळ्यांना न दिसणाऱ्या इलेक्ट्रॉनांना एका ठराविक मार्गावरून फिरविले जाते. ते कसे, हे आपण पाहू.

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात 'इंडस-2' नावाचा त्वरक आहे. त्याच्या कड्याचा परीघ सुमारे 172 मीटर. पूर्ण ऊर्जा मिळाल्यावर त्यातील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा 250 कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते व वेग जवळजवळ प्रकाशाइतका होतो. म्हणजे एका सेकंदात ते ह्या कड्याभोवती सुमारे सतरा लाख फेऱ्या घालतात! शलाका कड्यात तासन् तास टिकवावी लागते. एका तासातच इलेक्ट्रॉनांची वाटचाल सुमारे 108 कोटी किलोमीटर होते. पृथ्वीपासून सूर्यापर्यंतच्या अंतराच्या ती सातपट आहे. एवढ्या प्रवासात त्यांचा स्पर्श नळीच्या भिंतीला होता कामा नये. झाला की ते नष्ट झालेच.

पहिले काम मार्ग वळविण्याचे. चुंबक चालत्या इलेक्ट्रॉनास बाजूला वळवितो. त्याचा वेग मात्र वाढवीत नाही. ते काम विद्युत्क्षेत्राचे. इंडस-2 मध्ये वळविणारे सोळा द्विध्रुवी चुंबक आहेत. प्रत्येक चुंबक साडेबावीस अंशांचे वळण देतो. सोळा वळणांत 360 अंश पुरे होतात.

परंतु केवळ वळण देऊन भागत नाही. सर्व इलेक्ट्रॉन नेमके एकाच दिशेने निघत नाहीत. शिवाय, समान विद्युत्भार असल्यामुळे ते परस्परांना दूर लोटतात. विखुरणाऱ्या प्रकाशकिरणांना जसे बहिर्गोल भिंग एकत्र आणते, तसे भिंग येथेही हवे. ते काम चतुर्ध्रुवी चुंबक करतो. त्याचे चार ध्रुव उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण असे आळीपाळीने मांडलेले असतात. अगदी मध्यावर चुंबकीय क्षेत्र शून्य असते. मध्यापासून जितके दूर जावे तितके ते वाढते. म्हणून वाट चुकलेल्या इलेक्ट्रॉनालाच धक्का बसतो, मध्यावरून जाणाऱ्याला नाही.

येथे एक अडचण उभी राहते. हा चुंबक शलाकेला आडव्या दिशेत एकत्र आणतो, तर उभ्या दिशेत विखुरतो. निसर्गाचा नियमच तसा आहे. मग उपाय काय? एकामागून एक उलटसुलट चुंबक ठेवावयाचे. आपण म्हणाल, एकाने आवळले व दुसऱ्याने सोडले, तर हाती उरले काय? थोडे गणित करून पाहू. समजा, इलेक्ट्रॉन मध्यापासून 4 घरे दूर आहे. आवळणाऱ्या चुंबकाने त्याला आत 4 मापांचा धक्का दिला. पुढच्या चुंबकापर्यंत तो 3 घरांवर आला. तेथे बाहेरचा धक्का 3 मापांचाच बसला. उरला आत 1 मापाचा धक्का. आता क्रम उलटा करा. प्रथम बाहेर 4, त्यामुळे तो 5 घरांवर गेला; मग आत 5. पुन्हा उरला आत 1 मापाचाच धक्का! क्रम कोणताही असो, शलाका एकत्रच येते. इंडस-2 मध्ये असे 72 चतुर्ध्रुवी चुंबक आहेत. निरनिराळ्या ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांमुळे राहणारा दोष सुधारण्यासाठी 32 षट्ध्रुवी चुंबकही बसविले आहेत.

ह्या युक्तीचा इतिहास बोधप्रद आहे. अथेन्स येथे लिफ्टच्या व्यवसायात असलेल्या निकोलस ख्रिस्तोफिलोस ह्या अभियंत्याने ती स्वतःच्या अभ्यासातून शोधून 1950 साली अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला. त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. 1952 साली अमेरिकेतील कूरँट, लिव्हिंग्स्टन व स्नायडर ह्या शास्त्रज्ञांनी तीच युक्ती स्वतंत्रपणे मांडली. ख्रिस्तोफिलोसचे काम त्यांच्या दृष्टीस पडताच, 1953 साली त्यांनी पहिला मान त्याचाच असल्याचे जाहीरपणे मान्य केले. शोध लावण्याइतकेच हे औदार्यही विज्ञानास आवश्यक असते.

वळणावर इलेक्ट्रॉनांतून बाहेर पडणारा तीव्र प्रकाश आज पदार्थांची अंतर्रचना उलगडण्यास उपयोगी पडतो. त्या प्रकाशामागे वेटोळे व लोखंड ह्यांचीच करामत आहे. आणि त्या दोहोंशी तर आम्हां गोविंदपुरावासीयांचा जुनाच परिचय आहे.