डब्लिनहून आलेला राजा : ग्रिफिद आप कनन

ग्विनेद हे वेल्सच्या वायव्य कोपऱ्यातले राज्य. स्नोडोनियाचे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी मेनायची अरुंद सामुद्रधुनी आणि पलीकडे अँगलसीचे सपाट, सुपीक बेट, एवढा त्याचा गाभा. शत्रू चालून आला की डोंगरात शिरायचे आणि बेटावरच्या धान्यावर तग धरायचा, हा इथल्या राजांचा जुना शिरस्ता. वेल्श लोक या बेटाला मोन म्हणतात आणि मोन ही वेल्सची आई, असे मानतात.

या राज्याचा वारस ग्रिफिद आप कनन जन्मला मात्र समुद्रापलीकडे, डब्लिनमध्ये, इ.स. १०५५च्या सुमारास. वेल्श भाषेत ‘आप’ म्हणजे मुलगा. म्हणून कननचा मुलगा तो ग्रिफिद आप कनन. त्याचे आजोबा इयागो ग्विनेदचे राजे होते. १०३९ मध्ये ते मारले गेले, गादी दुसऱ्या घराण्याकडे गेली आणि कनन परागंदा होऊन आयर्लंडला पोहोचला. तिथे त्याने राग्नेल हिच्याशी लग्न केले. ती डब्लिनच्या नॉर्स राजघराण्यातली, ‘रेशमी दाढीवाला’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सिट्रिक राजाची नात. डब्लिनच्या उत्तरेला सोर्ड्स गावाजवळ ग्रिफिद वाढला. वडील कोण होते, त्यांचे राज्य कोणते आणि आज तिथे कोण बसले आहे, हे आई त्याला लहानपणापासून सांगत असे, असे त्याचा चरित्रकार लिहितो.

या चरित्राबद्दल इथेच सांगायला हवे. मध्ययुगीन वेल्समध्ये राजे पुष्कळ होऊन गेले, पण त्या काळात लिहिलेले स्वतंत्र चरित्र फक्त ग्रिफिदचेच हाती आले आहे. त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत ते लॅटिनमध्ये लिहिले गेले आणि पुढच्या शतकात त्याचे वेल्श भाषांतर झाले. मूळ लॅटिन संहिता हरवली, असेच विद्वान दीर्घकाळ धरून चालले होते. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या एका हस्तलिखितात ती दडलेली असल्याचे पॉल रसेल यांनी दाखवले आणि २००५ मध्ये तिची संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली. हे चरित्र राजघराण्याच्या बाजूने लिहिलेले आहे. कुठे वाढवून सांगते, कुठे सोयीस्कर गप्प बसते. तरीही ग्रिफिद आपल्याला माणूस म्हणून दिसतो तो त्याच्यामुळेच.

१०७५ मध्ये वेल्सचा बलाढ्य राजा ब्लेद्दिन आप कनविन मारला गेला आणि ग्विनेद त्राहायार्न आप कारादोग याने बळकावले. विशीतला ग्रिफिद आयर्लंडहून गलबते घेऊन मेनायच्या नैर्ऋत्य मुखाशी, अबरमेनाय बंदरात उतरला. मदत त्याने मागितली ती थेट नॉर्मनांकडे. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकलेले हे नॉर्मन तोवर वेल्सच्या सीमेवर किल्ले बांधू लागले होते आणि त्यांच्यातला रिदलानचा रॉबर्ट ग्रिफिदला साठ स्वार द्यायला तयार झाला. लीन द्वीपकल्पात त्राहायार्नचा साथीदार कनरिग मारला गेला. पाठोपाठ ग्वायद एरू, म्हणजे ‘रक्ताचे शेत’, या जागी त्राहायार्नचा पराभव झाला. गादी हाती आल्यावर ग्रिफिदने मदत करणाऱ्या रॉबर्टच्याच रिदलान किल्ल्यावर हल्ला चढवला. उपकाराची ही फेड आज खटकते, पण सीमेवर किल्ले उभे राहिले तर राज्य राहणार नाही, हे त्याने ओळखले होते.

राज्य मात्र टिकले नाही. त्याच्याबरोबर आलेले डॅनिश-आयरिश शिपाई लोकांच्या घरांत मुक्काम ठोकून होते. लीनच्या लोकांनी उठाव करून त्यांना कापून काढले. त्राहायार्न परतला. ब्रॉन अर एरू इथल्या लढाईत ग्रिफिदला सांभाळून वाढवणारा केरित पडला आणि खुद्द ग्रिफिदला त्याच्या माणसाने रणातून ओढून गलबतावर नेले. वर्ष संपायच्या आत राजा पुन्हा आयर्लंडमध्ये निर्वासित होता.

दुसरा प्रयत्न १०८१ चा. या वेळी तो वॉटरफर्डची गलबते घेऊन दक्षिणेला, सेंट डेव्हिड्सजवळच्या पोर्थ क्लाइस बंदरात उतरला. दक्षिण वेल्सचा राजा रीस आप तेउदुर शत्रूच्या भीतीने तिथल्याच देवळाच्या आश्रयाला आला होता. दोघा हद्दपारांनी संतांच्या अस्थींसमोर शपथ घेऊन हातमिळवणी केली आणि दिवसभर चालून संध्याकाळी मनिद कार्न या डोंगराशी शत्रूला गाठले. रीस म्हणाला, उद्या लढू. ग्रिफिदने ऐकले नाही. अंधार पडेपर्यंत त्राहायार्न आणि त्याचे दोन साथी राजे मारले गेले होते. एका संध्याकाळीत वेल्समधल्या राजघराण्यांचा तोलच बदलून गेला. ग्विनेदमध्ये ग्रिफिदचे आणि दक्षिणेत रीसचे, ही दोनच घराणी पुढची दोनशे वर्षे वेल्सच्या राजकारणाच्या मध्यभागी राहिली.

विजयाचे सुख त्याला काही महिनेही लाभले नाही. मायरिऑन गोख नावाच्या त्याच्याच एका सरदाराने त्याला वाटाघाटीच्या बहाण्याने कॉर्वेनजवळ रीग इथे नेले आणि चेस्टरचा अर्ल ह्यू याच्या हवाली केले. बरोबरच्या शिपायांचे उजवे अंगठे कापून त्यांना सोडून देण्यात आले. अंगठा गेलेल्याला धनुष्य ओढता येत नाही की तलवार पेलता येत नाही. ग्रिफिद चेस्टरच्या तुरुंगात साखळदंडात पडला. किती वर्षे? चरित्रात एके ठिकाणी बारा म्हटले आहे, दुसऱ्या ठिकाणी सोळा. एवढ्या काळात ग्विनेद नॉर्मनांनी गिळले. १०८६ च्या डोम्सडे नोंदवहीत उत्तर वेल्स रिदलानच्या रॉबर्टकडे वर्षाला चाळीस पौंडांच्या खंडाने लावून दिल्याची नोंद आहे. एका प्राचीन राज्याचे जमाखर्चात असे एका ओळीत रूपांतर झालेले पाहताना मन चरकते. बँगोर, कार्नारवन आणि अँगलसीवरचे अबरलायनियोग इथे किल्ले उभे राहिले आणि बँगोरच्या धर्मपीठावर हर्वे नावाचा ब्रेतॉन बिशप बसला.

सुटकेची हकीकत चरित्रात मोठ्या रंगतीने आली आहे. कनरिग हीर, म्हणजे उंच कनरिग, नावाचा तरुण दोन-चार सोबत्यांसह चेस्टरला सामान खरेदीला आला. नगरातले लोक जेवणात गुंतले होते आणि बेड्या घातलेला राजा उघड्यावर बसवलेला होता. कनरिगने त्याला पाठीवर उचलले आणि कुणाच्या ध्यानात येण्याआधी वेशीबाहेर नेले. दिवसा लपत, रात्री चालत ते मोनला पोहोचले. त्यानंतरचा ग्रिफिद म्हणजे रानावनात, गुहांत, गलबतांवर राहणारा फरारी. नॉर्मन इतिहासकार ऑर्डेरिक व्हायटॅलिसने त्याचे एक चित्र रेखाटले आहे. ग्रेट ऑर्मच्या कड्याखाली ग्रिफिदची गलबते ओहोटीने वाळूवर टेकली होती आणि त्याची माणसे लूट व गुरे आत चढवत होती. वरून हे पाहून संतापलेला रॉबर्ट एकाच स्वारानिशी कडा उतरला आणि भाल्यांच्या वर्षावात पडला. त्याचे शिर गलबताच्या डोलकाठीवर टांगले गेले. ऑर्डेरिकने ही घटना कैदेच्या वर्षांतच घातली आहे, त्यामुळे काळाचा मेळ बसत नाही. घटना पुढची, १०९३ च्या आसपासची, असे अनेक अभ्यासक मानतात.

१०९४ मध्ये साऱ्या वेल्समध्ये नॉर्मनांविरुद्ध वणवा पेटला. ग्रिफिदने अबरलायनियोगचा किल्ला जाळला. या मोहिमेत त्याचा मुख्य बार्ड, म्हणजे दरबारी कवी, वीणावादक गेलान मारला गेला. पडलेल्या सरदारांच्या जोडीने वादकाचे नाव चरित्रकाराने आवर्जून नोंदवले आहे. १०९८ मध्ये चेस्टर आणि श्रूजबरी या दोन्ही ठिकाणचे अर्ल, दोघेही ह्यू नावाचे, फौज घेऊन चालून आले. ग्रिफिदने भाड्याने आणलेले डॅनिश दर्यावर्दी पैसे खाऊन उलटले. तो आणि शेजारच्या पोविस राज्याचा कदुगान एका लहान बोटीतून आयर्लंडला निसटले. त्याच सुमारास क्षितिजावर शिडे दिसू लागली. नॉर्वेचा राजा मॅग्नस ‘अनवाणी’ आपल्या आरमारासह सामुद्रधुनीच्या पूर्व टोकाशी आला होता. किनाऱ्यावर घोड्यावरून फिरणाऱ्या श्रूजबरीच्या ह्यूच्या डोळ्यात बाण घुसला आणि तो पाण्यात कोसळला; नॉर्स सागांच्या, म्हणजे वीरकथांच्या, मते तो बाण खुद्द मॅग्नसचा. मॅग्नस आला तसा निघून गेला, पण नॉर्मनांचा अँगलसीवरचा जम मोडला. पुढच्या वर्षी ग्रिफिद परतला. चेस्टरच्या ह्यूनेही त्याच्याशी जुळवून घेतले.

इथून पुढची अडतीस वर्षे चरित्रकार चार-दोन पानांत उरकतो. लढाया नसल्या की लेखणी थंडावते, हा जुन्या चरित्रकारांचा दोष. वास्तविक ग्रिफिदचे खरे कर्तृत्व याच काळात आहे. ११०१ मध्ये अर्ल ह्यू मेला, त्याचा वारस सात वर्षांचा होता, आणि राजा हेन्री पहिला याने ग्रिफिदला लीन, एव्हियोनिद, अर्दीद्वी, अर्लेख्वेद हे भाग दिले. हेन्रीशी उघड टक्कर घ्यायची नाही, हे ग्रिफिदने मनाशी पक्के केले. १११४ मध्ये हेन्री तीन फौजांनिशी आला. एका फौजेसोबत स्कॉटलंडचा राजा अलेक्झांडर होता. चरित्रकार म्हणतो, हेन्री रिकाम्या हाताने परतला. वेल्श बखर सांगते की ग्रिफिदने मोठा दंड भरून तह केला. बखरीचे म्हणणेच पटते.

या धोरणाची किंमतही होती. १११५ मध्ये मनिद कार्नच्या साथीदाराचा, रीसचा, मुलगा ग्रिफिद आप रीस आश्रयाला आला, तेव्हा राजाने त्याला हेन्रीच्या हवाली करण्याचे कबूल केले. पोराला सुगावा लागला आणि त्याने अबरदारोनच्या देवळात आश्रय घेतला. त्याला बाहेर खेचायला माणसे गेली; तिथल्या धर्मगुरूंनी आड येऊन त्याला वाचवले. ग्रिफिदच्या साऱ्या आयुष्यात हा डाग सर्वांत काळा आहे. पुढे याच तरुणाशी राजाची मुलगी ग्वेनलियन हिने लग्न केले.

हर्वे बिशप केव्हाच पळाला होता. ११२० मध्ये ग्रिफिदच्या संमतीने डेव्हिड बँगोरचा बिशप झाला आणि राजाच्या आश्रयाने तिथे नवे कॅथीड्रल उभे राहू लागले. लोकांनी फळबागा लावल्या, कुंपणे घातली, खंदक खणले, जागोजागी चुन्याने रंगवलेली देवळे उभी राहिली, असे चरित्रकार लिहितो. दोन पिढ्या पळत-लढत जगलेल्या मुलखात माणूस फळझाड लावतो, याचा अर्थ ते फळाला येईपर्यंत आपण इथेच असू, असा भरवसा त्याला वाटतो. कद्वालन, ओवाइन आणि कद्वालादर या ग्रिफिदच्या मुलांनी दरम्यान पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे राज्य वाढवले. ११३२ मध्ये कद्वालन मारला गेला.

डिसेंबर ११३५ मध्ये हेन्री वारला आणि वेल्स पुन्हा पेटले. ११३६ मध्ये किडवेलीजवळ ग्वेनलियन स्वतः फौज घेऊन नॉर्मनांवर गेली आणि मारली गेली; त्या शिवाराला आजही तिचे नाव आहे. त्याच शरद ऋतूत ओवाइन आणि कद्वालादर यांनी कार्डिगनजवळ क्रिग माउर इथे नॉर्मनांचा धुव्वा उडवला. म्हातारा राजा तोवर आंधळा झाला होता.

११३७ मध्ये, ब्याऐंशीव्या वर्षी, त्याने अंथरुणावर प्राण सोडला. त्या काळच्या वेल्श राजाच्या नशिबी असे मरण क्वचितच येई. ओवाइन गादीवर आला आणि ११७० पर्यंत त्याने राज्य केले. पुढे ग्विनेदचा राजा झालेला थोर लेवेलिन हा ग्रिफिदचा पणतू. वेल्श बार्डांचे नियम ग्रिफिदने घालून दिले, अशीही परंपरा आहे. १५२३ मध्ये कायरुस इथल्या आइस्टेडफॉडशी, म्हणजे कवी-वादकांच्या संमेलनाशी, जोडलेल्या बार्डांच्या नियमावलीला त्याचेच नाव दिले गेले. तिचा त्याच्याशी थेट संबंध नसला, तरी चार शतकांनंतर कवींना आपला अधिकार सांगायला हेच नाव हवेसे वाटले.

बँगोरच्या कॅथीड्रलमध्ये मुख्य वेदीच्या डाव्या हाताला त्याला पुरले. मृत्युपत्रात त्याने वेल्समधल्या देवळांना दाने दिली, तशीच जन्मगाव डब्लिनच्या क्राइस्ट चर्चला वीस शिलिंग आणि जिथे बेड्या भोगल्या त्या चेस्टरच्या देवळालाही दान दिले. राणी अंगहारदला त्याने जमिनीबरोबर अबरमेनाय बंदराच्या जकातीचे उत्पन्न लावून दिले. बासष्ट वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा उतरला होता ते हेच बंदर. अंगहारद त्याच्यामागे पंचवीस वर्षे जगली.