तरतमभावाचा बळी

मुलांस विशेषणांचा तरतमभाव शिकविण्यांत माझी सारी हयात गेली. परंतु अशा एका विशेषणापायीं थोर मुत्सद्द्याचा प्राण गेल्याची हकीकत मात्र उतारवयांतच वाचनांत आली.

अलेक्झांडर हॅमिल्टन हा अमेरिकन संयुक्त संस्थानांचा पहिला अर्थमंत्री, आणि ॲरन बर हा १८०१ ते १८०५ पर्यंत तेथील उपाध्यक्ष. दोघेही न्यूयॉर्कचे नामांकित वकील. १८०० सालच्या निवडणुकींत जेफरसन व बर ह्यांस सारखींच, म्हणजे ७३ मतें पडलीं. निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली, व छत्तिसाव्या खेपेस जेफरसन अध्यक्ष झाला. जेफरसन हॅमिल्टनचा विरोधक. तरीही बर नको म्हणून त्यानें स्वपक्षीयांस पत्रांमागून पत्रें धाडलीं होतीं. पुढें १८०४ सालीं बर न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकींत पडला. त्याच सुमारास आल्बनीच्या एका वृत्तपत्रांत एक पत्र छापून आलें. हॅमिल्टननें बरविषयीं ‘याहूनही अधिक तिरस्करणीय’ असें मत दिल्याचा त्यांत मोघम उल्लेख होता.

बरनें खुलासा मागितला. हॅमिल्टननें उत्तरादाखल व्याकरणच मांडलें! फिक्यापासून गडदापर्यंत ह्या शब्दाच्या अगणित छटा; त्यांतली कोणती मीं कबूल करावी? बरनें उलट लिहिलें कीं, प्रश्न व्याकरणाचा नसून माझ्या अब्रूचा आहे. व्याकरणाचा शिक्षक असूनही मला बरचेंच म्हणणें सरळ वाटतें. हॅमिल्टनला नाकारतां येईना, कारण तो वर्षानुवर्षें तसेंच बोलत आला होता. माफी मागावी, तर सार्वजनिक जीवनांतलें वजन जाणार. त्यानें द्वंद्वाचें आव्हान स्वीकारलें. ह्याच रूढीनें १८०१ च्या नोव्हेंबरांत त्याचा ज्येष्ठ पुत्र फिलिप, अवघा एकोणीस वर्षांचा, बापाच्या निंदकाशीं लढतांना नेला होता!

११ जुलै १८०४ रोजीं सकाळीं दोघे हडसन नदी ओलांडून न्यूजर्सींतील वीहॉकन येथें गेले. अंतर दहा पावलें. पुढें साक्षीचा प्रसंग आल्यास कांहीं पाहिलें नाहीं असें म्हणतां यावें, म्हणून डॉक्टर पाठ फिरवून उभा राहिला. पहिली गोळी मुद्दाम फुकट घालविण्याचा आपला विचार हॅमिल्टननें आधींच लिहून ठेविला होता. त्याची गोळी झाडाच्या फांदींत गेली, बरची त्याच्या पोटांत. दुसऱ्या दिवशीं दुपारीं तो वारला.

बरवर खुनाचे आरोप ठेवले गेले, पण खटला कधींच चालला नाहीं. १८०५ सालीं हाच गृहस्थ उपाध्यक्ष ह्या नात्यानें सिनेटमध्यें एका न्यायमूर्तीच्या चौकशीवर अध्यक्षस्थानीं बसला! हॅमिल्टनच्या मागें पत्नी एलिझा व सात मुलें राहिलीं. ती १८५४ पर्यंत, म्हणजे पुरीं पन्नास वर्षें, वैधव्यांत जगली.