रोबोटचा रंग, नागपूरचं ऊन आणि कुलर

१९७७ साली ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातून आर-टू डी-टू हा निळा-पांढरा रोबोट पडद्यावर आला. हौशी कारागीर घरी त्याच्या हुबेहूब प्रतिकृती बनवतात. त्यांचं काम इतकं सरस, की त्याच मालिकेतल्या २०१५ च्या ‘द फोर्स अवेकन्स’साठी ली टाउर्सी आणि ऑलिव्हर स्टीपल्स या दोन हौशी लोकांनाच रोबोट बनवायला बोलावलं गेलं. मात्र असा रोबोट नागपुरात मनीषनगरच्या गच्चीवर रंगवायचा, तर थंड देशांतल्या सूचना जशाच्या तशा चालत नाहीत.

सगळ्यात पक्का गैरसमज उन्हाचा: मे महिन्यात भाग उन्हात ठेवला की रंग झटपट वाळतो. रंग वाळतो म्हणजे त्यातला थिनर उडून जातो. ४५ अंशांच्या उन्हात वरचा पापुद्रा आधी घट्ट होतो, थिनर खाली अडकतो आणि बाहेर पडताना बारीक फोड व छिद्रं ठेवून जातो. स्प्रे लांबून मारला तर थेंब हवेतच सुकतात आणि पृष्ठभाग घासकागदासारखा खरखरीत होतो. भाग थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकमध्ये काढलेले असतील, तर त्याहून मोठं नुकसान होतं. पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडतं, आणि गडद निळा पातळ भाग स्लॅबवर भर दुपारी तेवढा सहज तापतो. स्प्रेचा डबाही सावलीतच ठेवायचा. आतला वायू दाबाखाली असतो, म्हणूनच ५० अंशांच्या वर नेऊ नका, अशी सूचना त्यावर असते. उन्हाळ्यात सकाळी सहा-सातची वेळ गाठावी, नाहीतर सरळ हिवाळ्याची वाट पाहावी.

मग घरात कुलरसमोर वाळवावा? अजिबात नाही. कुलर बाष्प आणि धूळ दोन्ही फेकतो. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दमट हवेतलं पाणी धरतं आणि निळ्या लॅकर रंगावर दुधट झाक येते. पावसाळ्यात तर हे कुलरशिवायच घडतं.

जाड हात मारल्याने काम लवकर उरकत नाही, ओघळ येतात. वीस-तीस सेंटीमीटरवरून, दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने तीन पातळ हात द्यावेत. पांढऱ्याला एखादा जास्त लागतो. आणि हाताला रंग लागला नाही म्हणजे तो पक्का झाला असं नाही. इनॅमल रंगाला पक्कं व्हायला कित्येक दिवस लागतात, तोवर मास्किंग टेपचे वळ उठतात. कच्च्या इनॅमलवर लॅकर मारला तर सुरकुत्या पडतात.

प्राइमर वगळण्याचा मोहही टाळावा. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा गुळगुळीत थर असतो, त्यावर साधा रंग टिकत नाही. त्यासाठी एच (etch) प्राइमर लागतो. प्लास्टिकवरच्या छपाईच्या रेघा रंगाने झाकल्या जात नाहीत, उलट उठून दिसतात. त्या फिलर प्राइमर मारून, आधी २२० आणि मग ४०० नंबरच्या पेपरने घासूनच जातात.

जिवावर बेतणारा गैरसमज मास्कचा आहे. कापडी मास्क सोडाच, एन-९५ सुद्धा फक्त कण अडवतो. थिनरची वाफ सरळ फुप्फुसात जाते. कार्बन कार्ट्रिजचा मास्क घ्या, आणि जवळपास गॅस किंवा दिवा पेटलेला नको. हार्डनर मिसळायच्या पारदर्शक क्लिअर कोटमध्ये बहुधा आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या वाफेनेही त्रास उसळतो. तो कोट घरी मारूच नये. गाड्या रंगवणाऱ्यांच्या पेंट बूथमध्ये करून घ्यावा.