मामाचं चित्र, भाच्याची तपासणी

मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात वार्लपिरी या आदिवासी समाजातली आजी गोष्ट सांगायला बसली, की आधी हाताने वाळू सारखी करते. मग बोटाने घोड्याच्या नालासारखी खूण काढते. हा बसलेला माणूस. शेजारी खणायच्या काठीची रेघ आणि लाकडी परातीचा लांबट गोल आला, की ती बाई. भाला आला तर पुरुष. एकात एक वर्तुळं म्हणजे पाणवठा किंवा मुक्काम, त्यांना जोडणाऱ्या रेषा म्हणजे वाट. प्रसंग संपला की वाळू पुसायची आणि पुढचा मांडायचा.

या खुणा शिकायला फार वेळ लागत नाही. पण पूर्वजकथांची पवित्र चित्रं काढायची, तर नुसतं येऊन भागत नाही, तो हक्क असावा लागतो. प्रत्येक कथा ठरावीक भूमीशी बांधलेली असते. वडिलांकडून तिचा वारसा आलेले ते ‘किर्डा’, आईकडून आलेले ते ‘कुर्डुंगुर्लु’. किर्डांनी विधी करायचा, चित्र मिरवायचं. ते बिनचूक आहे ना, हे कुर्डुंगुर्लुंनी पाहायचं. थोडक्यात, मामाचं चित्र भाच्याने तपासायचं! आणि हाच भाचा स्वतःच्या वडिलांकडच्या कथेत मालक असतो, तिथे त्याला तपासणारे दुसरे. मालकी आणि अंकुश यांची इतकी शहाणी वाटणी आपल्या सहकारी संस्थांनाही जमलेली नाही.

1971 मध्ये याच वाळवंटातल्या पापुन्या गावच्या वडीलधाऱ्यांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची पूर्वजकथा रंगवली. जेफ्री बार्डन या शिक्षकाने त्यांना प्रोत्साहन दिलं होतं. पुढच्याच वर्षी चित्रकारांच्या मालकीची ‘पापुन्या तुला’ कंपनी उभी राहिली. चित्रं बाहेर विकली जाऊ लागली, तसे आक्षेपही आले: परक्यांनी पाहू नये ते यात दिसतंय. मग चित्रकारांनी काही तपशील गाळले, काही ठिपक्यांखाली झाकले. जगाला भावलेली ती ठिपक्यांची नक्षी काही अंशी पडदाच आहे.

बाहेरच्यांनी मात्र चित्रांवरचा हा हक्क क्वचितच जुमानला. ऑस्ट्रेलियाच्या 1966 च्या एक डॉलरच्या नोटेवर आर्नहेम लँडमधल्या डेव्हिड मलांगी यांचं चित्र त्यांना न विचारताच छापलं गेलं. नंतर त्यांना हजार डॉलर, पदक आणि मासेमारीचं साहित्य मिळालं. 1994 मध्ये, परवानगीविना गालिच्यांवर विणलेल्या चित्रांच्या खटल्यात, न्यायालयाने भरपाई ठरवताना समाजात झालेली चित्रकारांची मानहानीही धरली.

सिडनी-मेलबर्नहून ठिपक्यांचं बूमरँग आणणार असाल, तर चित्रकाराचं नाव आणि गाव विचारा. दुकानदाराला ते सांगता आलं नाही, तर घेऊ नका.